जीप ६ वरून १२ व्होल्टवर नेली, आता पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या खाली उतरेना

लोबॉनेट

नमस्कार मंडळी.

घरी वडिलांची १९५१ ची विलीज जीप आहे, सीजे-३ए मॉडेल, लो-बॉनेट म्हणजे बुटक्या बॉनेटची. वीस वर्षं गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडात कडब्याआड पडून होती. गेल्या दिवाळीपासून तिच्या मागे लागलोय. इंजिन झालं, ब्रेक झाले, पत्रा झाला. वायरिंग उंदरांनी खाल्ली होती आणि ६ व्होल्टची बॅटरी जिल्ह्यात कुठं मिळेना, म्हणून सगळीच गाडी १२ वर नेली. बल्ब बदलले, कॉइल बदलली, डायनामो काढून मारुतीचा अल्टरनेटर बसवला. स्टार्टर मूळचाच आहे. बटण दाबलं की असा काही गरकन फिरतो की शेळ्या दावं तोडतात.

प्रश्न मीटरचा. डॅशवरचे पाचही मीटर मूळचे ठेवायचेत, याबाबत तडजोड नाही. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून मी याच काट्यांकडे बघत होतो. पेट्रोलच्या मीटरला १२ व्होल्ट झेपणार नाहीत म्हणून आमच्या इलेक्ट्रिशियनने मध्ये एक पांढरा, सिमेंटचा रजिस्टन्स टाकला. टाकी फुल केली, काटा बरोबर फुलवर. आम्ही खूश.

परवा धाराशिवहून लग्न उरकून येत होतो. काटा अर्ध्यावर. चौसाळ्याचा पंप मागं टाकून ऐटीत पुढं आलो आणि मांजरसुंब्याच्या अलीकडं गाडीने दोन आचके दिले, बंद. सीट उचलून टाकीत टॉर्च मारला तर आत ठणठणाट. काटा मात्र अर्ध्यावरच! बायको, दोन पोरं आणि कुंथलगिरीचे पेढे, असा सगळा संसार रस्त्याच्या कडेला.

आणखी एक गंमत: इंजिन बंद असताना काटा अर्ध्यावर असतो, चालू केलं की जरा वर सरकतो.

मीटर खराब, टाकीतला फ्लोट खराब, की वायरिंग? आणि बाकीच्या चार मीटरांचं काय करू?

बुलेटप्रेमी

पेढे उरले का?

लोबॉनेट

नाही.

कुळव

लई डोकं लावायलेत राव तुम्ही. आमच्या ट्रॅक्टरचा काटा नव्वद सालापासून बंद हाय. एक वाळली तुराटी सरळ बघून घ्यायची, टाकीत सोडायची, भिजली किती ते बघायचं. ६ व्होल्टवर चालती, १२ वर चालती, लोडशेडिंगमधी बी चालती.

पेठेतला

एवढा त्रास कशाला? ऑनलाइन डिजिटल मीटर मिळतो, फ्लोटसकट. जुन्या मीटरच्या जागी बरोबर बसतो, निळा लाइट असतो, टक्क्यांत आकडा दाखवतो.

लोबॉनेट

@पेठेतला, १९५१ च्या जीपला निळा लाइट म्हणजे नऊवारीवर गॉगल. धन्यवाद, पण नको.

@कुळव, तुराटी सीटखाली ठेवलीच आहे. पण परवा ती घरी होती आणि आम्ही मांजरसुंब्यात.

जुनं_ते

माझं मत कुणाला आवडणार नाही, तरी सांगतो. १२ वर न्यायचीच गरज नव्हती. ६ व्होल्टची बदनामी झाली ती बारीक केबलींमुळे. तेवढ्याच वॅटला ६ व्होल्टमध्ये करंट दुप्पट लागतो. लोक १२ च्या मापाची केबल टाकतात आणि मग म्हणतात गाडी उठत नाही. वाटेत अर्धा व्होल्ट गळाला तर १२ मधला चोविसावा हिस्सा जातो, ६ मधला बारावा. जाड केबल टाका, अर्थिंगच्या जागा घासून चकचकीत करा, जीप हिवाळ्यातही पहिल्या फटक्यात उठते. माझी उठते. आणि मीटरचा प्रश्नच उरत नाही.

बुलेटप्रेमी

बॅटरी कुठून आणता ते सांगा आधी.

जुनं_ते

पुण्याहून. मागवतो.

बुलेटप्रेमी

मग झालं तर. आम्ही उदगीरचे. माझी बुलेट ६ ची होती तेव्हा हेडलाइट लावला की समोरची म्हैस दिसायची नाही, म्हशीला मात्र मी दिसायचो. १२ केली आणि सुटलो.

रानजाई

लोबॉनेट, मीटरही ठीक आहे आणि फ्लोटही. चूक त्या पांढऱ्या रजिस्टन्सची आहे. 'इंजिन चालू केलं की काटा वर सरकतो' असं लिहिलंत तिथेच निदान झालं. फुकट गणित करून देते, पाटी घ्या.

तुमचा मीटर बहुधा गरम होणाऱ्या पट्टीचा आहे. दोन धातूंच्या जोडपट्टीवर बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून करंट वाहिला की पट्टी तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. चावी फिरवल्यावर काटा लगेच उडी न मारता आळसटासारखा सावकाश वर येतो ना? तीच खूण. अशा मीटरमध्ये जितका करंट तितका काटा. टाकीतल्या फ्लोटच्या दांड्याला बदलता रजिस्टन्स जोडलेला असतो, त्याला सेंडर म्हणतात. टाकी भरली की तो कमी होतो, रिकामी झाली की वाढतो.

आता समजा मीटरची तार २० ओहमची आहे, आणि टाकीतला सेंडर भरलेल्या टाकीला १० ओहम, रिकाम्याला ७०. (हे आकडे समजण्यापुरते. तुमचे मल्टिमीटरने मोजा.)

मूळ ६ व्होल्टवर, टाकी फुल: ६ भागिले ३० म्हणजे ०.२ अँपिअर. रिकामी: ६ भागिले ९०, म्हणजे ०.०६७. निम्मी असताना सेंडर ४० ओहम, म्हणजे ६ भागिले ६०, ०.१ अँपिअर.

आता १२ व्होल्ट. फुल टाकीला तेच ०.२ यावेत म्हणून इलेक्ट्रिशियनने ३० ओहमचा रजिस्टन्स टाकला: १२ भागिले ६०, बरोबर ०.२. काटा फुलवर, सगळे खूश. पण टाकी रिकामी झाली की? ७० अधिक २० अधिक ३०, म्हणजे १२० ओहम. १२ भागिले १२०, ०.१ अँपिअर. वर बघा ०.१ कशाचा होता. निम्म्या टाकीचा!

म्हणजे टाकी कोरडी असताना तुमचा काटा इमानदारीत 'निम्मी आहे' म्हणणार. आणि इंजिन चालू झालं की अल्टरनेटर १२ चे १४ करतो, म्हणून काटा आणखी वर. त्याने खोटं सांगितलं नाही, त्याला पढवलंच तसं होतं.

बल्बला, हीटरला मालिकेतला रजिस्टन्स चालतो, कारण त्यांचा करंट ठरलेला असतो. पेट्रोलच्या मीटरचं कामच करंट बदलणं आहे. त्याला ठरावीक रजिस्टन्स नको, ठरावीक व्होल्टेज हवं.

पेठेतला

वा. हे शाळेत असं शिकवलं असतं तर.

कुळव

ताई, समदं समजलं. ०.१ च्या पुढचं सोडून.

लोबॉनेट

रानजाई ताई, दंडवत. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा कागदावर मांडलं, मग इलेक्ट्रिशियनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मंग फुल टाकीच ठेवत जा ना."

तर ठरावीक व्होल्टेज कसं द्यायचं?

आप्पा_परभणी

मी वर्कशॉपातून निवृत्त झालेला माणूस. आमच्या वेळची युगत सांगतो. तेव्हाच्या बॅटरीच्या डोक्यावर शिशाच्या पट्ट्या उघड्या दिसायच्या. एका खणाचे २ व्होल्ट, सहा खण म्हणजे १२. मीटरची वायर सरळ तिसऱ्या खणाच्या पट्टीवर झाळायची, झाले ६ व्होल्ट. रजिस्टन्स नको, काही नको. पण खालचे तीन खण जास्त झिजायचे, वरचे तीन आरामात. सहा महिन्यांत बॅटरी एका अंगाने मरायची. आताच्या बंद बॅटरीत हे करता येत नाही. एका पठ्ठ्याने वरून स्क्रू ठोकला होता, त्याच्या शर्टाला झालेली भोकं आजही आठवतात. करू नका.

दुसरं, बाकीच्या मीटरांचं विचारलंत. आधी प्रत्येक मीटरच्या पाठीमागे हात घालून बघा. लो-बॉनेटमध्ये ऑइलच्या मीटरला वायर नसते, बारीक नळी असते. तेलाचा दाब सरळ मीटरपर्यंत येतो. टेम्परेचरलाही वायर नाही, तांब्याची केसासारखी नळी इंजिनापर्यंत गेलेली असते. स्पीडोमीटरला केबल. या तिघांना ६ काय, १२ काय, काही देणंघेणं नाही. अँपिअर मीटरला व्होल्ट कळत नाहीत, करंट कळतो. म्हणजे पाचातला एकच आजारी. तुम्ही सगळं घरच दवाखान्यात नेऊ नका.

लोबॉनेट

आप्पा, आत्ता बघून आलो. अगदी तसंच आहे. टेम्परेचरची नळी मात्र मध्येच तुटलेली दिसतेय.

आप्पा_परभणी

तुटलेली की कापलेली?

लोबॉनेट

(लाजत) कापलेली. जुनी वायरिंग काढताना पोराला वाटलं हीपण वायर आहे. पक्कड मारली. आतून तांबं नाही निघालं म्हणून म्हणाला, "दादा, डुप्लिकेट वायर होती."

बुलेटप्रेमी

😂😂 डुप्लिकेट वायर!

आप्पा_परभणी

हसू नका, दर दुसऱ्या जीपचं हेच होतं. त्या नळीत आणि टोकाच्या फुग्यात ईथर भरलेलं असतं. इंजिन तापलं की ईथरची वाफ होते आणि तिच्या दाबाने काटा हलतो. नळी कापली त्याच क्षणी ईथर उडालं.

इलाज आहे, पण सबुरीचा. तशाच नळीचा स्वस्तातला नवा मीटर घ्यायचा, फुगा आणि नळीसकट चालू हालतीतला. त्याचा फुगा बर्फ आणि खड्याच्या मिठात बुडवून ठेवायचा, म्हणजे सगळं ईथर फुग्यात उतरून पातळ होतं. मग नव्याची नळी डायलजवळ कापायची, जुन्या मीटरच्या नळीच्या टोकाशी बारीक बाही घालून जोडायची आणि झाळायची. फुगा तोवर बर्फातून काढायचा नाही.

आता मुख्य गोष्ट. ईथर ३४.६ अंशाला उकळतं. आमच्या परभणीत मे महिन्यात सावलीतच ४३ असतात. मी एकदा वैशाखात हा उद्योग केला. बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी आणली, चहा प्यायला उठलो, येईपर्यंत लादीचं पाणी आणि ईथर देवाघरी. तेव्हापासून हे काम डिसेंबर-जानेवारीत, पहाटे. आणि ईथर पेट्रोलपेक्षाही भडका घेतं. उघड्या दारात बसायचं, ज्योतीचा दिवा नाही, विजेची झाळणी. विडी ओढणाऱ्याला गेटबाहेर बसवायचं.

जुनं_ते

आप्पांचा एक प्रतिसाद दहा पुस्तकांच्या बरोबर आहे. तरी म्हणतो, गाडी ६ वरच ठेवली असती तर...

बुलेटप्रेमी

...तरी नळी कापलीच असती.

प्लायमाउथ

संभाजीनगरहून. माझ्याकडे १९५० ची प्लायमाउथ आहे, तीही ६ ची १२ केलेली. माझ्या चुका लिहितो, तुमच्या वाचतील.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ७८०६ नावाची तीन पायांची चिप मिळते. आत १२-१४ व्होल्ट, बाहेर ६. औरंगपुऱ्यात वीस रुपयांत घेतली, बसवली. फट. धूर. दुसरी बसवली. फट. मग आठवलं की प्लायमाउथ ही क्रायस्लर कंपनीची, आणि त्यांच्या जुन्या गाड्यांमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. क्रायस्लरवाल्यांनी १९५६ मध्ये १२ व्होल्ट आणले तेव्हा मायनस बॉडीला केला, माझी त्याच्या आधीची. उलट्या अर्थिंगला ७८०६ चालत नाही, ७९०६ लागते. ती आणली. ७८०६ सारखीच स्क्रूने बॉडीला आवळली. फ्यूज गेला. दुसरा फ्यूज. तोही गेला.

शेवटी गावातल्या एका जुन्या उस्तादाकडे गेलो. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला, चिपकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मियाँ, गाडी उल्टी है की तुम?" ७८०६ चा पाठीमागचा पत्रा अर्थला जोडलेला असतो, म्हणून ती बॉडीवर सरळ आवळता येते. ७९०६ चा पत्रा मात्र इनपुटला जोडलेला असतो. मी दर वेळी बॅटरी सरळ बॉडीवर शॉर्ट करत होतो. अभ्रकाचा तुकडा आणि प्लास्टिकची वॉशर घातली, विषय संपला.

लोबॉनेट, तुमच्या विलीजला मायनस बॉडीला असतो, म्हणून तुम्हाला ७८०६. तरी एकदा बॅटरीची केबल डोळ्याने बघून घ्या. मधल्या सत्तर वर्षांत कोणी काय केलं असेल सांगता येत नाही.

स्वल्पविराम

स्मिथ्स कंपनीच्या मीटरांमागे व्होल्टेज स्टॅबिलायझरची एक छोटी डबी असते. जुन्या बाजारात मिळते. तीच का नाही लावत? इलेक्ट्रॉनिक्सची कटकट नको.

रानजाई

ती डबी १० व्होल्टची असते, ६ ची नाही. लावलीत तर काटा पुन्हा वरच राहील आणि तार तापेल ते वेगळं. ६ ऐवजी १० व्होल्ट मिळाले तर उष्णता जवळजवळ पावणेतीनपट होते.

पण तुमची कल्पना मुळात बरोबर आहे, स्वल्पविराम. फोर्डने १९५६ मध्ये १२ व्होल्ट आणले, तरी पुढे मीटर ५ व्होल्टच्या आसपासचेच ठेवून त्यांच्यामागे अशीच एक डबी लावली. तीही गरम पट्टीचीच. चालू-बंद, चालू-बंद होत सरासरी ५ व्होल्ट द्यायची. मीटरची पट्टी तशीच सुस्त, त्यामुळे तिला ही धडधड कळायचीही नाही. कारखान्यानेच जो मार्ग घेतला तोच आपण चिपने घेतोय.

लोबॉनेट, ७८०६ ला इनपुटकडे ०.३३ मायक्रोफॅरडचा आणि आउटपुटकडे ०.१ चा कपॅसिटर जोडा. १४ चे ६ करताना राहिलेले ८ व्होल्ट चिपवरच तापतात. ८ गुणिले ०.२, म्हणजे सुमारे दीड वॅट. डॅशच्या पत्र्याला आवळलीत की तोच हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा. आणि तो पांढरा रजिस्टन्स काढायला विसरू नका.

खडीक्रशर

मध्ये बोलतो, सॉरी. मारुतीचा अल्टरनेटर वाचला आणि अंगावर काटा आला. आप्पा म्हणाले अँपिअर मीटरला व्होल्ट कळत नाहीत. खरंय. पण स्टार्टर सोडला तर गाडीचा सगळा करंट त्याच्यातून जातो! जुना डायनामो द्यायचा तो करंट वेगळा आणि अल्टरनेटर देतो तो वेगळा. माझ्या जीपमध्ये असंच केलं होतं. जालन्याहून येताना बदनापूरच्या पुढं डॅशमागून धूर. मीटरचा एक नट ढिला, त्यात एवढा करंट. हाताने वायर ओढून तोडली, अंगठ्यावर डाग अजून आहे.

अल्टरनेटरची जाड वायर सरळ बॅटरीवर न्या. अँपिअर मीटरमधून फक्त लाइट-हॉर्नचा करंट जाऊ द्या. मग काटा चार्जिंग दाखवणार नाही, फक्त खर्च दाखवेल. पण गाडी शाबूत राहील. आणि आधी बॅटरीजवळ फ्यूज टाका.

लोबॉनेट

बापरे. आज रात्रीच बघतो. आभार.

कुळव

खडीक्रशर भाऊ, बदनापूरला थांबलाच होता तर चहा तरी घेतला का?

पेठेतला

अवांतर: बीटलवाले सुखी. १९६१ पर्यंत त्यांच्या बहुतेक गाड्यांना पेट्रोलचा मीटरच नव्हता. पायाजवळ एक नॉब. गाडी अडखळली की तो फिरवायचा आणि राखीव पेट्रोलवर पंप गाठायचा.

बुलेटप्रेमी

म्हणजे जर्मनांनी बुलेटचा कॉक चोरला.

जुनं_ते

अवांतराला अवांतर. २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचा नियम आलाय, ५० वर्षांवरच्या गाड्यांना. नंबरात व्हीए अक्षरं मिळतात, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये. अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. ६ ची १२ केलेली चालते की नाही यावर आमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. मी कोणत्या तटात आहे हे सांगायला नकोच.

आप्पा_परभणी

आमच्या गावात पहिली जीप पोलीस ॲक्शनच्या वेळी आली, असं वडील सांगायचे. अठ्ठेचाळीस साल. लोकांनी आधी पिकात धूम ठोकली, मग हळूहळू येऊन हात लावून बघितला. तेव्हा ती किती व्होल्टची आहे हे कोणी विचारलं नव्हतं.

लोबॉनेट

अपडेट. वाईट.

७८०६ बसवली, दोन्ही कपॅसिटर लावले, पांढरा रजिस्टन्स काढला. डॅशला स्क्रूने आवळली. चावी फिरवली. काटा सावकाश वर आला, फुलपाशी आला आणि थांबलाच नाही! पार पलीकडे जाऊन खुंटीला टेकला. घाबरून चावी बंद केली. टाकीत जेमतेम पाच लिटर आहे. चिप खराब निघाली का?

रानजाई

डॅशला रंग नवा आहे का?

लोबॉनेट

हो. वाळूजला पावडर कोटिंग करून आणलंय. आरशासारखं झालंय. का?

रानजाई

आरसाच नडला. पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकचा थर, त्यातून वीज जात नाही. चिपच्या अर्थच्या पायाला वेगळी वायर न देता तुम्ही पत्र्याच्या भरवशावर राहिलात ना? अर्थ मिळाला नाही की ७८०६ ला शून्य कुठे हेच कळत नाही, आणि आलेलं व्होल्टेज ती जवळजवळ तसंच पुढे सोडते. तुमच्या मीटरला ६ नाही, १० च्या वर मिळत होते. बरं झालं लगेच बंद केलंत.

मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, नखाएवढा रंग पत्र्यापर्यंत खरवडा. दातेरी वॉशर घाला. आणि अर्थच्या पायाला वायर झाळून ती इंजिनाला किंवा चेसिसला आवळा. डॅशवर विश्वास नको. मीटर जोडण्याआधी मल्टिमीटरने आउटपुट मोजा. ६ दिसले तरच पुढे.

सेंडरचंही तेच. टाकीचा पत्रा आणि चेसिस यांच्यात गंज असेल तर तो गंजही रजिस्टन्स म्हणून मोजला जातो आणि भरलेली टाकी कमी दिसते. टाकीलाही एक अर्थची वायर द्या. टाकी सीटखाली आहे हे लक्षात ठेवून, बॅटरी काढून, झाकण लावून. तिथे टेस्ट लॅम्प वापरू नका, ठिणगी पडेल.

प्लायमाउथ

ताई, हे मला तीन वर्षांपूर्वी का नाही भेटलं?

रानजाई

तीन वर्षांपूर्वी मी इथे भोपळ्याच्या घारग्यांच्या धाग्यावर होते. तुम्ही आला नाहीत.

लोबॉनेट

अपडेट. चांगली!

खरवडलं, वायर दिली. मल्टिमीटरवर ५.९८. टाकीला वेगळी अर्थ. चावी फिरवली, काटा उठला आणि तळाच्या जरा वर येऊन थांबला. इंजिन चालू केलं, ॲक्सिलरेटर दिला. काटा जागचा हलला नाही! धाकटा पोरगा म्हणाला, "बाबा, अजून बंदच आहे."

मग काल दिवसभर एकच उद्योग. टाकी पूर्ण रिकामी केली आणि पाच-पाच लिटरचं माप घालत गेलो. पहिल्या पाच लिटरला काटा हललाच नाही, फ्लोट तळाला टेकत नसावा. ते राखीव समजतो. दहाला पावच्या खाली. वीसला निम्म्याला काडीभर कमी. ३५ ला फुलच्या जवळ, टाकी साधारण ४० ची आहे. वडिलांच्या काळी काटा असाच होता का, हे आईला विचारलं. ती म्हणाली, "ते कुठं काट्याकडं बघायचे, टाकी हलवून आवाज ऐकायचे."

अँपिअर मीटरची वायरिंग खडीक्रशर म्हणाले तशी बदलली. जुन्या नटांपैकी एक खरंच ढिला होता. टेम्परेचरचं काम आप्पांच्या आज्ञेने डिसेंबरात. स्वस्तातला मीटर आणून ठेवलाय.

आप्पा_परभणी

शाब्बास. डिसेंबरात कळवा, मी येतो. बर्फ तुमचा, मीठ माझं. कापणाऱ्या पोरालाही बोलवा, त्यालाच धरायला लावू.

जुनं_ते

५.९८! म्हणजे इतका खटाटोप करून शेवटी मीटर ६ व्होल्टवरच चालतोय. नोंद घ्यावी.

कुळव

आन् तुराटी?

लोबॉनेट

सीटखालीच आहे, कुळव भाऊ. नवीन कापली, सरळ बघून.

बुलेटप्रेमी

सगळं झालं, हॉर्नचं काय केलं? तुमच्या यादीत बल्ब होते, कॉइल होती, हॉर्न नव्हता.

लोबॉनेट

अरे देवा. हॉर्न अजून ६ चाच आहे. तरीच परवा वेशीत वाजवला तर पारावरची सगळी म्हातारी एकदम उठून उभी राहिली.